उत्तरेला येतोस का?

1901 सालचा नोव्हेंबर. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागातल्या शॉनगंक डोंगरांत बर्फ पडून गेलं होतं. फांद्यांचा आडोसा उभारून दोन मित्र शेकोटीपाशी बसले होते. धाकटा लिओनिडास हबर्ड मासिकांत लिहिणारा पत्रकार, वय 29. थोरला डिलन वॉलेस न्यूयॉर्कमधला वकील, वय 38. वॉलेसची पत्नी आदल्या वर्षी क्षयाने गेली होती. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. बोलता बोलता हबर्डने विषय काढला: लॅब्राडॉरला जाऊ या, येतोस का? शाळेतल्या भूगोलात वाचलं त्यापलीकडे वॉलेसला लॅब्राडॉर माहीत नव्हतं. तरीही तो हो म्हणाला.

उत्तर अमेरिकेच्या उत्तरेतल्या प्रवासांचा इतिहास नद्यांच्या, सरोवरांच्या आणि नकाशांच्या हिशेबाने लिहिला जातो. कोणती नदी कोणी पहिल्यांदा मोजली, कोण कुठल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला, याच्या याद्या होतात. पण त्या काळच्या रोजनिश्या वाचल्या की वेगळीच गोष्ट वर येते. प्रवास निघण्याच्या कितीतरी आधी, कोणाला बोलावलं आणि कोण आलं, इथेच बरंचसं ठरून गेलेलं असायचं. आणि सोबत आलेल्या प्रत्येकाला ‘मित्र’ म्हटलं गेलं, असंही नाही.

मित्राला साद घालण्याची ही प्रथा का पडली, याचं पहिलं कारण होडीत आहे. भूर्जाच्या सालीची कनू ही मूळ रहिवाशांची देणगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिची कॅनव्हास मढवलेली, कारखान्यात बनणारी आवृत्ती बाजारात आली. अमेरिकेत मेन राज्यातलं ओल्ड टाउन आणि कॅनडात न्यू ब्रन्सविकमधलं फ्रेडरिक्टन ही तिची गावं. सतरा-अठरा फुटी कनूत दोघांची जागा. पुढचा जोर लावतो आणि पाण्याखालचे खडक बघतो, मागचा दिशा सांभाळतो. धबधबा किंवा खळाळ आला की होडी पाण्याबाहेर काढायची, पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि जंगलातून पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. याला तिकडे पोर्टेज म्हणतात. सामान एका खेपेत जात नाही. दोन-दोन, तीन-तीन खेपा होतात. एकट्याने हे करणारे लोक होते, पण थोडेच. दुसरा माणूस हवाच, आणि तीन-चार महिने त्याच्याशिवाय दुसरं कोणी भेटणार नाही हे धरून तो निवडायचा.

रेल्वेनेही हातभार लावला. 1890 नंतर कॅनडातले लोहमार्ग जसजसे उत्तरेकडे सरकले, तसतसं शहरातल्या नोकरदारांना रान आवाक्यात वाटू लागलं. ‘आउटिंग’सारख्या मासिकांत रानातल्या भटकंतीची वर्णनं छापून येत आणि ती वाचून कोणीतरी आपल्या जुन्या दोस्ताला चिठ्ठी लिही. हबर्ड याच ‘आउटिंग’चा सहायक संपादक होता. त्याच्या मनात मात्र पंधरा दिवसांची सहल नव्हती.

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडच्या लॅब्राडॉरचं क्षेत्रफळ जवळजवळ तीन लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून थोडंसंच कमी. 1903 साली तिथली कायम वस्ती किनाऱ्यावर विखुरलेली आणि काही हजारांचीच. आतला सगळा मुलूख इन्नू लोकांचा. ते कॅरिबूंच्या म्हणजे उत्तरेकडच्या रेनडियरांच्या कळपांमागे फिरत. त्यांच्या एका शाखेला तेव्हा नॅस्कॉपी म्हणत. ग्रँड लेक या सरोवरापासून नदीने वर चढत मिशिकमाऊ या विशाल सरोवरापर्यंत जायचं, तिथून जॉर्ज नदीकडे वळायचं आणि नॅस्कॉपींची कॅरिबू-शिकार डोळ्यांनी पाहायची, असा हबर्डचा बेत होता. हातातला नकाशा कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ए. पी. लो यांच्या कामावर आधारलेला. लो यांचं काम मोठं आणि प्रामाणिक होतं. पण या कोपऱ्यात ते स्वतः फिरले नव्हते, इथला भाग ऐकीव माहितीवर काढलेला होता. नकाशावर ग्रँड लेकला येऊन मिळणारी एकच नदी दिसत होती. प्रत्यक्षात तिथे अनेक प्रवाह येऊन मिळतात.

दोघांना रानातला अनुभव बेताचाच, म्हणून तिसरा माणूस शोधला गेला. त्यासाठी पत्र गेलं हडसन्स बे कंपनीकडे. 1670 साली सनद मिळालेली ही फरचा व्यापार करणारी कंपनी. उत्तरेतली तिची ठाणी म्हणजे दुकान, टपाल आणि खानावळ असं सगळंच. ऑन्टॅरिओतल्या मिसानाबी ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने क्री या मूळ रहिवासी जमातीतला एक माणूस ठरवला. न्यूयॉर्कसारख्या शहरात एकट्याने जायच्या धास्तीने तो ऐनवेळी मागे सरला आणि त्याच्या जागी जॉर्ज एल्सन आला. वडील स्कॉटिश, आई क्री, वय तिशीच्या आत, जेम्स उपसागराच्या बाजूचा. लॅब्राडॉर त्यानेही पाहिलेलं नव्हतं. त्याला कोणी शेकोटीपाशी बसून विचारलं नव्हतं. त्याच्याशी मजुरी ठरली होती.

15 जुलै 1903 रोजी तिघे नॉर्थ वेस्ट रिव्हर ठाण्यावरून निघाले. पहिल्या एक-दोन दिवसांतच चूक झाली. नॅस्कॉपी नदीचं मुख एका बेटाआड दडलेलं होतं. ते ओलांडून कनू पुढे गेली आणि सरोवराच्या टोकाला मिळणाऱ्या सुसान नावाच्या उथळ, दगडाळ ओढ्यात शिरली. पुढचे कितीतरी दिवस होडी चालवण्यापेक्षा उचलण्यातच गेले. डास आणि काळ्या माश्या. कमरेएवढं गार पाणी. त्यात मासे पकडायचं चांगलं जाळं मिळालं नव्हतं; ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने दिलेलं जुनं जाळं लवकरच कुजलं. शिकार मिळेलच, असं धरून अन्न कमी घेतलं होतं. 12 ऑगस्टला एक कॅरिबू मिळाला. त्यानंतर मोठी शिकार जवळजवळ नाहीच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हबर्ड आणि एल्सन एका डोंगरावर चढले आणि त्यांना दूरवर मिशिकमाऊचं पाणी दिसलं. पण त्या पाण्यापर्यंत वाट सापडेना. वाऱ्याने त्यांना एका तळ्याकाठी इतके दिवस अडकवून ठेवलं की त्यांनी त्याचं नावच विंडबाउंड ठेवलं. 15 सप्टेंबरला परतायचं ठरलं. ते ठरलं तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि परतीची वाट तीच, दगडाळ ओढ्याची. जाताना टाकून दिलेली हाडं, खुरं, कातड्याचे तुकडे त्यांनी परत येताना उकळून खाल्ले. मोकॅसिनचं कातडंही खाल्लं.

या सगळ्यात तिघांमधलं नातं कसं बदललं, हे वाचताना मन हलून जातं. निघताना मालक, पाहुणा आणि मजूर असे तिघे होते. ऑक्टोबरात रोज रात्री तिघे एकाच शेकोटीपाशी घरच्या जेवणाच्या गोष्टी करत, घासाघासाची समान वाटणी करत, बायबल वाचत. एल्सन त्यांना आपल्या लोकांतल्या उपासमारीच्या आणि सुटकेच्या कहाण्या सांगे. वाटेतल्या खाणाखुणा त्याच्या लक्षात होत्या, दिशा तोच सांगत होता. मोहीम कागदावर हबर्डची होती. प्रत्यक्षात तोपर्यंत ती एल्सनच्या खांद्यावर आली होती.

18 ऑक्टोबरला हबर्डला पुढे पाऊल टाकवेना. त्याला तंबूत ठेवून वॉलेस आणि एल्सन निघाले. जाताना फेकून दिलेली पिठाची पिशवी मागच्या वाटेवर कुठेतरी पडलेली होती. ती सापडली, पीठ बुरसटलेलं होतं. तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. एल्सन मदत आणायला ग्रँड लेककडे गेला. वॉलेस थोडं पीठ घेऊन मित्राच्या तंबूकडे वळला, पण हिमवादळात वाट चुकला आणि दहा-बारा दिवस एकटा भरकटत राहिला. तंबू त्याला सापडलाच नाही. एल्सनने मात्र गोठत्या पाण्यातून, लाकडं बांधून केलेल्या तराफ्यावरून सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांची झोपडी गाठली. डोनल्ड ब्लेक, अ‍ॅलन गूडी, डंकन मॅक्लीन आणि गिल्बर्ट ब्लेक हे लॅब्राडॉरचे रहिवासी ताबडतोब निघाले. वॉलेस त्यांना जिवंत सापडला. हबर्ड तंबूत मरून पडला होता. दोघांना निरोप दिल्यावर त्याच दिवशी त्याने लिहिलेली रोजनिशीची शेवटची पानं तिथेच होती. त्यांत तक्रार नाही, दोन्ही सोबत्यांबद्दल कृतज्ञता आहे.

वॉलेस वाचला तो एल्सनमुळे, हे वॉलेसने स्वतः लिहून ठेवलं आहे. वसंत ऋतूत दोघांनी हबर्डचं शव कुत्र्यांच्या गाड्यांवरून किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो मैल नेलं आणि जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचवलं. मित्राने बोलावलं म्हणून गेलेला माणूस मित्राला असा परत घेऊन आला.

पुढच्या दोन वर्षांत या मैत्रीची दुसरी बाजू उघडी पडली. हबर्डची पत्नी मायना, मूळची कॅनडाची, पेशाने परिचारिका. टायफॉइडमध्ये हबर्डची शुश्रूषा करताना तिची त्याच्याशी ओळख झालेली. तिच्या सांगण्यावरूनच वॉलेस मोहिमेची हकिकत लिहायला बसला. 1905 साली ‘द ल्युअर ऑफ द लॅब्राडॉर वाइल्ड’ हे पुस्तक निघालं आणि खूप खपलं. मायनाला मात्र त्यातला हबर्ड दुबळा वाटला. वॉलेसने मित्राच्या नावाने पुन्हा लॅब्राडॉरला जायचं जाहीर केलं, आणि मायनाने गुपचूप स्वतःची मोहीम आखली. तिने बोलावलं कोणाला? जॉर्ज एल्सनला.

एल्सन आला. सोबत त्याने जोसेफ इझरहॉफ आणि जोब चापिस हे ओळखीचे सोबती आणले. वॉलेसला वाचवायला धावलेल्यांतला तरुण गिल्बर्ट ब्लेक चौथा. 27 जून 1905 रोजी दोन्ही तुकड्या एकाच दिवशी, एकाच ठाण्यावरून निघाल्या. मायनाच्या तुकडीत तिच्याशिवाय सगळे रानात मुरलेले, निवड एल्सनची आणि वाटेतले निर्णयही बहुतांशी त्याचेच. तिने नॅस्कॉपी आणि जॉर्ज या नद्यांचा नकाशा काढला, कॅरिबूंचा स्थलांतर करणारा कळप पाहिला, इन्नूंच्या तळांना भेट दिली आणि 27 ऑगस्टला उंगावा उपसागराजवळचं ठाणं गाठलं. वॉलेस तिथे ऑक्टोबरच्या मध्याला पोहोचला. त्याच्या पाचांपैकी तिघे वाटेतून मागे फिरले होते. 1908 साली निघालेल्या मायनाच्या पुस्तकात हबर्डची रोजनिशी आहे आणि एल्सनची हकिकतही, त्याच्याच शब्दांत. उत्तरेच्या प्रवासवाङ्मयात वाटाड्याचा आवाज असा सलग ऐकू येणं त्या काळी विरळा होतं. मायनाबद्दल वाचकाचं मत काहीही असो, हे श्रेय तिचं आहे.

वॉलेस 1913 साली पुन्हा एकदा गेला, हबर्डच्या शेवटच्या तळावर फलक लावायला. होडी उलटली आणि फलक नदीत गेला. मग जवळच्या मोठ्या दगडावर त्याने अक्षरं कोरली. नवा फलक तिथे बसला तो 1977 साली. तो लावायला गेलेल्यांत वॉलेसचा मुलगा होता. ज्या मिशिकमाऊसाठी हबर्डने जीव टाकला ते सरोवर मात्र तोवर नकाशावरून गेलं होतं. चर्चिल फॉल्सच्या जलविद्युत प्रकल्पासाठी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवलं गेलं आणि मिशिकमाऊ स्मॉलवूड जलाशयाच्या पोटात बुडालं.

बोलावण्याची वाट न पाहता गेलेला मित्रही या इतिहासात आहे. जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश शोधप्रवाशाच्या 1819 ते 1822 या पहिल्या भूमार्गी मोहिमेत डॉ. जॉन रिचर्डसन वैद्य आणि निसर्गतज्ज्ञ म्हणून होता. त्या मोहिमेतल्या वीस जणांपैकी अकरा मेले. उरलेले दगडफूल आणि बुटांचं कातडं खाऊन फोर्ट एंटरप्राइजच्या ओस घरात मरणाची वाट पाहत होते, तेव्हा अकाइचो या यलोनाइफ जमातीच्या प्रमुखाची माणसं अन्न घेऊन आली. असं सगळं भोगूनही 1825 ते 1827च्या दुसऱ्या मोहिमेत रिचर्डसन फ्रँकलिनबरोबर होता. पुढे त्याने फ्रँकलिनच्या भाचीशी लग्न केलं. 1845 साली फ्रँकलिन दोन जहाजं घेऊन आर्क्टिकमध्ये गेला आणि परत आला नाही. तेव्हा रिचर्डसनने आपण होऊन शोधाची जबाबदारी मागितली. 1848 साली, साठ वर्षांच्या वयात, तो जॉन रे याला घेऊन मॅकेन्झी नदीने उतरला आणि किनारा धुंडाळत पूर्वेकडे गेला. फ्रँकलिन आदल्या वर्षीच वारला होता. ते कळायला आणखी बरीच वर्षं लागली.

आता एका वेगळ्या पत्राकडे.

अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर हा आयोवातल्या डॅव्हनपोर्टचा, 1884चा जन्म. सतराव्या वर्षी सांधेतापाने त्याचं हृदय दुबळं झालं आणि डॉक्टरांनी श्रम टाळायला सांगितलं. हार्वर्डमधून 1907 साली पदवी घेऊन तो मिनेसोटा आणि ऑन्टॅरिओच्या सीमेवरच्या सरोवरांकडे आला आणि कायमचा तिथलाच झाला. 1909च्या उन्हाळ्यात रेनी लेकच्या परिसरात त्याने कनूतून सुमारे तीन हजार मैल घातले. त्याच वर्षी सीमेच्या अलीकडे सुपीरियर राष्ट्रीय वन आणि पलीकडे क्वेटिको राखीव वन घोषित झालं होतं. सोबतीला होता माइन सेंटर या ऑन्टॅरिओतल्या वस्तीजवळचा ओजिब्वे जमातीचा माणूस, बिली मॅगी. मॅगीला इंग्रजी थोडंच येई. ओबरहोल्ट्झरचं ओजिब्वेही तेव्हा कच्चंच. दिवस दिवस एका होडीत बसून, एकमेकांचं न बोललेलं समजून घेत त्यांची मैत्री जमली.

मग ओबरहोल्ट्झरच्या हाती जे. बी. टायरेल यांचं लेखन आलं. टायरेल यांनी 1893 आणि 1894 साली ‘बॅरन लँड्स’मधून, म्हणजे झाडांची सीमा जिथे संपते त्या उघड्या मुलखातून, प्रवास केला होता. त्या मुलखाच्या काठावर नुएल्टिन नावाचं अवाढव्य सरोवर आहे. 1770च्या सुमारास सॅम्युएल हर्न डेने लोकांबरोबर हिवाळ्यात तिथून गेला होता. त्यानंतर बाहेरचा फारसा कोणी तिकडे फिरकला नव्हता. नुएल्टिनचं पाणी हडसन उपसागराकडे कुठून वाहतं, हे नकाशावर नव्हतं. 1912 साली ओबरहोल्ट्झरने माइन सेंटरला पत्र टाकलं. त्यात बेत होता: मॅनिटोबातल्या ‘द पा’ या रेल्वेच्या टोकापासून रेनडियर सरोवर, तिथून नुएल्टिन, तिथून समुद्र, आणि हिवाळ्याआधी परत. मॅगी तेव्हा 51 वर्षांचा होता, पाहुणा म्हणून किंवा वाटाड्या म्हणूनही त्या मुलखात कधी न गेलेला. त्याचं उत्तर आलं ते मोडक्या इंग्रजीत आणि मोजक्या शब्दांत: पृथ्वीच्या टोकापर्यंत यायची तयारी आहे.

या बोलावण्यातला फरक लक्षात घ्यायला हवा. मॅगी त्या रस्त्याचा जाणकार म्हणून बोलावला गेला नव्हता. नुएल्टिनचा रस्ता दोघांनाही सारखाच अनोळखी होता. ओबरहोल्ट्झरला हवा होता तो ज्याच्यासोबत हरवायलाही हरकत नाही असा माणूस, आणि ते हरवलेही. 26 जूनला ‘द पा’हून निघून कंबरलँड हाउस, पेलिकन नॅरोज, रेनडियर सरोवर, त्याच्या उत्तर टोकाचं ब्रोशे मिशन असे टप्पे घेत ते कॉक्रेन नदीने वर चढले. नुएल्टिनला पोहोचल्यावर खाड्या आणि बेटांच्या गुंत्यात बाहेर पडायची वाट सापडेना. एका टेकडीवर चढून त्यांनी पाहणी केली आणि तिथे दगडांची रास रचून चिठ्ठी ठेवली. अखेर थ्लेवियाझा नदी सापडली. तिच्या खळाळांतून ते सप्टेंबरच्या मध्याला हडसन उपसागरावर उतरले.

तिथे थंडी, भरती-ओहोटी आणि उथळ किनारा. ओहोटीला पाणी मैलभर मागे जाई आणि कनू चिखलात अडके. आयुष्य तळ्याकाठी काढलेल्या मॅगीला हे पाणी समजून घ्यावं लागलं. भेटलेल्या एका इनुइट कुटुंबाने त्यांना आपल्या शिडाच्या होडीतून चर्चिलला पोहोचवलं. पण खरी कसोटी पुढे होती. चर्चिलहून यॉर्क फॅक्टरी हे कंपनीचं जुनं ठाणं गाठायचं तर शरद ऋतूत त्याच किनाऱ्याने, लहानशा कनूत जायचं. ते गेले. यॉर्क फॅक्टरीहून हेज नदीने प्रवाहाविरुद्ध वर, नॉर्वे हाउस, आणि मग विनिपेग सरोवर, जे नोव्हेंबरात गोठायला लागतं. 5 नोव्हेंबरला ते गिम्ली या आइसलँडहून आलेल्या लोकांच्या गावी पोहोचले. एकूण पल्ला सुमारे दोन हजार मैल, म्हणजे 3,200 किलोमीटर.

हबर्डच्या मोहिमेशी तुलना केली तर दोघांच्या वाचण्यामागे कारणं दिसतात. वाटेत ठाणी होती आणि तिथे शिधा घेता आला. माणसं दोनच, त्यामुळे तोंडं कमी. वाटेतल्या डेने आणि इनुइट लोकांकडून माहिती आणि मदत घ्यायला दोघेही कचरले नाहीत. आणि होडीच्या मागच्या टोकाला मॅगी होता. पाणी कुठे फुटतं, कुठे होडी उतरवायची आणि कुठे काठाला लावायची, याचा निर्णय तो घेई. हबर्डच्या होडीतही असा माणूस होता. पण तिथे निघण्यापूर्वीचे निर्णय त्याला विचारून झाले नव्हते.

पुढच्या पिढीत ही साद अगदी पोरवयात घातली जाऊ लागली. 1930 साली मिनिॲपोलिसच्या एकाच शाळेतले दोन मित्र, 19 वर्षांचा वॉल्टर पोर्ट आणि 17 वर्षांचा एरिक सेव्हराइड, जुनी अठरा फुटी कनू घेऊन हडसन उपसागराकडे निघाले. कल्पना पोर्टची. मिनेसोटा नदी, रेड नदी, विनिपेग सरोवर, नॉर्वे हाउस, गॉड्स नदी असा 2,250 मैलांचा रस्ता. गॉड्स नदीवर, पाऊस, थंडी आणि अनिश्चिततेने दोघांची मनं इतकी ताणली की ते एकमेकांवर तुटून पडले, मारामारी झाली. मग दोघं पुन्हा होडीत बसले आणि यॉर्क फॅक्टरीला पोहोचले. सेव्हराइड पुढे अमेरिकेतला नावाजलेला वार्ताहर झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या त्याने युरोपातून दिल्या. पण या प्रवासावरच्या, 1935 साली निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात ही मारामारी न लपवता आली आहे, आणि म्हणून ते पुस्तक आजही खरं वाटतं.

ओबरहोल्ट्झर गिम्लीहून परतला तो पुन्हा तेवढ्या लांब कधी गेला नाही. रेनी लेकमधल्या मॅलर्ड बेटावर त्याने घर केलं. मॅगी अधूनमधून तिथे येई. ओजिब्वे लोकांच्या कथा ओबरहोल्ट्झर ऐके, लिहून ठेवी. त्यांनीही त्याला आपलं नाव दिलं, अतिसोकान. 1920च्या दशकात एडवर्ड बॅकस या लाकूड उद्योगपतीने सीमेवरच्या सरोवरांवर धरणांची साखळी उभारायचा बेत मांडला. बेटं, काठ, रानभाताची शेतं, सगळंच पाण्याखाली गेलं असतं. मॅगीबरोबर हिंडताना पाहिलेला हा मुलूख वाचवण्यासाठी ओबरहोल्ट्झर वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत राहिला. 1930 साली शिपस्टेड-न्यूटन-नोलन कायदा झाला: सरकारी जमिनीवरच्या काठाच्या पट्ट्यात वृक्षतोड बंद आणि संसदेच्या संमतीशिवाय पाण्याची पातळी बदलायला मनाई. 1935 साली ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन करणाऱ्या आठ जणांत तो होता. ज्याला डॉक्टरांनी श्रम टाळायला सांगितलं होतं तो 93 वर्षं जगला.

बिली मॅगी 1938 साली वारला. 1912च्या प्रवासाचं पुस्तक ओबरहोल्ट्झरच्या हातून कधी पुरं झालं नाही. रोजनिशी आणि छायाचित्रं होती, पण ती बहुतेक खोक्यांत राहिली, आणि त्यामुळे हबर्ड किंवा सेव्हराइडच्या वाट्याला आलेला वाचक या दोघांना कितीतरी वर्षं मिळाला नाही. ओबरहोल्ट्झर 1977 साली गेला. त्यानंतर तीसेक वर्षांनी डेव्हिड पेली या कॅनेडियन लेखकाने त्यांच्या मार्गावर पुस्तक लिहिलं, ते 2008 साली मिनेसोटातून प्रसिद्ध झालं. मुखपृष्ठावरच्या उपशीर्षकात मोहिमेला जोडनाव दिलं आहे: ओबरहोल्ट्झर-मॅगी.